मॉरिस तिये

मॉरिस तिये (जन्म: २३ ऑक्टोबर १९०३, मृत्यू: ४ सप्टेंबर १९५४, शिकागो) हे रशियात जन्मलेले फ्रेंच व्यावसायिक कुस्तीगीर होते. इंग्रजी भाषकांत त्यांच्या आडनावाचा उच्चार टिलेट असाही केला जातो. ‘द फ्रेंच एंजल’, म्हणजे फ्रेंच देवदूत, या नावाने ते १९४० च्या दशकात अमेरिकेत विलक्षण गाजले. बॉस्टन येथील अमेरिकन रेसलिंग असोसिएशनचे जागतिक हेवीवेट विजेतेपद त्यांनी दोनदा मिळवले. नाव देवदूताचे असले तरी जाहिरातींतून त्यांची ओळख नरराक्षस, अश्मयुगातून चुकून उरलेला मानव अशी करून दिली जात असे. प्रेक्षकांना भेदरवणारे त्यांचे रूप रंगभूषेने घडवलेले नव्हते. ॲक्रोमेगली या विकाराने त्यांच्या चेहऱ्याची, हातापायांची व कवटीची हाडे वाढत गेली होती. भयपटांतून उचललेली व्यक्तिरेखा घेऊन आखाड्यात उतरणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील मल्लांचे ते पूर्वसुरी मानले जातात.

प्रारंभिक जीवन

तिये यांचे आईवडील फ्रेंच असून नोकरीनिमित्त रशियात राहत होते. वडील रेल्वेत अभियंता होते, तर आई शिक्षिका होती. वडिलांचे निधन मॉरिस लहान असतानाच झाले. लहानपणी त्यांचा चेहरा गोल, गोरा व गोंडस असल्यामुळे आई त्यांना लाडाने ‘देवदूत’ म्हणत असे. पुढे ज्या नावाची फलके अमेरिकेतील कुस्तीच्या सभागृहांवर झळकली, ते मुळात आईने ठेवलेले हे लाडके नाव होते. १९१७ साली रशियात क्रांती झाल्यावर मायलेकांनी तो देश सोडला आणि फ्रान्समधील रँस या शहरात ते स्थायिक झाले.

किशोरावस्था संपता संपता मॉरिस यांच्या पावलांना, हातांना आणि डोक्याला सूज येऊ लागली. डॉक्टरांनी ॲक्रोमेगलीचे निदान केले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यावर बहुधा कर्करोगाची नसलेली एक गाठ उद्भवते आणि वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा पुष्कळ जास्त स्रवू लागते. हे बालपणी घडले तर उंची अफाट वाढते. लांब हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर घडले तर उंची फारशी वाढत नाही, मात्र जबडा, भुवयांवरील हाड, नाक, ओठ, जीभ, तळहात व पावले यांचा आकार वाढत राहतो आणि आवाज जाड व खोल होतो. फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला ॲक्रोमेगली हे नाव दिले. तिये यांच्या तरुणपणी या विकाराची माहिती वैद्यकाला होती, पण खात्रीचा उपचार नव्हता. हा विकार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्यामुळे रोग्याला आपला चेहरा बदलत जाताना रोजच्या आरशात पाहावा लागतो. तिये यांच्या बाबतीत हा बदल ऐन तारुण्यात झाला.

तिये यांना वकील व्हायचे होते आणि तुलूझ येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. ते रग्बीही खेळत. न्यायालयात उभे राहायचे तर चेहरा आणि आवाज ही माणसाची पहिली ओळख, आणि तिये यांच्या या दोन्ही गोष्टी आजाराने पालटून टाकल्या होत्या. वकिलीचा विचार मागे पडला. त्यानंतर त्यांनी फ्रेंच नौदलात अभियंता म्हणून पाच वर्षे काम केले. ते बहुभाषिक होते आणि त्यांना वाचनाची आवड होती. त्यांना ओळखणाऱ्यांनी त्यांचे वर्णन सौम्य, सभ्य व काहीसा एकलकोंडा गृहस्थ असे केले आहे.

कार्ल पोजेलो यांची भेट

फेब्रुवारी १९३७ मध्ये सिंगापूर येथे तिये यांची गाठ कार्ल पोजेलो यांच्याशी पडली. पोजेलो (लिथुआनियन नाव कारोलिस पोझेला) हे लिथुआनियाचे नामवंत मल्ल होते. ग्रीको-रोमन पद्धतीत तयार होऊन ते पुढे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत उतरले होते. या धंद्यात ताकदीइतकीच किंमत नजरेत भरणाऱ्या रूपाला आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी तिये यांना कुस्तीत येण्यास राजी केले. दोघे पॅरिसला गेले आणि तेथे पोजेलो यांच्या देखरेखीखाली तिये यांची तालीम सुरू झाली. त्या वेळी तिये यांचे वय तेहतीस होते, म्हणजे बहुतेक मल्ल ज्या वयात उताराला लागतात त्या वयात त्यांनी सुरुवात केली.

फ्रान्स व इंग्लंड येथे सुमारे दोन वर्षे कुस्त्या केल्यावर दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपातील खेळ बंद पडू लागले. १९३९ मध्ये दोघे अमेरिकेला गेले. पोजेलो हे तिये यांचे गुरू आणि व्यवस्थापक होते, आणि अखेरपर्यंत त्यांचे सर्वांत जवळचे स्नेहीही तेच राहिले. तिये यांचा बाजार मांडणारा पहिला माणूस आणि त्यांना माणूस म्हणून वागवणारा पहिला सहकारी हे दोन्ही पोजेलोच होते. त्यांच्या नात्याचा विचार करताना यांपैकी एकच बाजू पाहणे योग्य ठरत नाही.

बॉस्टन आणि विजेतेपद

मराठी वाचकाच्या मनातील तालमीतल्या कुस्तीहून अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती वेगळी आहे. तेथे निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणून हिणवले जाते, तोच तेथील मान्य प्रकार होय. अशा खेळात विजेता कोणाला करायचे हे आयोजक ठरवतो आणि तिकीट कोणाच्या नावावर खपते यावरून ठरवतो. त्यामुळे तिये यांच्या विजयांकडे मल्लविद्येतील पराक्रम म्हणून पाहण्यापेक्षा त्यांच्या लोकप्रियतेचे माप म्हणून पाहणे अधिक बरोबर ठरेल.

बॉस्टनचे आयोजक पॉल बाउझर नवे आकर्षण हेरण्यात तरबेज होते. फुटबॉलपटू गस सोनेनबर्ग यांना त्यांनी १९२९ मध्ये जगज्जेता केले होते. १९३५ मध्ये आयर्लंडहून आणलेल्या डॅनो ओमाहोनी यांच्यामागे बॉस्टनमधील आयरिश वस्ती उभी करण्यात त्यांना यश आले होते. १९४० च्या आरंभी त्यांनी तिये यांना थेट मुख्य लढतीत उतरवले. सभागृहे भरू लागली. तिये सलग १९ महिने अपराजित राहिले. मे १९४० मध्ये त्यांनी आयरिश मल्ल स्टीव्ह केसी यांच्याकडून अमेरिकन रेसलिंग असोसिएशनचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि मे १९४२ मध्ये ते केसी यांच्याकडेच परत गेले. १९४२ च्या सुरुवातीस मॉन्ट्रियल येथेही त्यांना जागतिक विजेता म्हणून मान्यता मिळाली होती. ऑगस्ट १९४४ मध्ये केसी यांना हरवून त्यांनी बॉस्टनचे विजेतेपद पुन्हा मिळवले, मात्र या वेळी ते फार काळ टिकले नाही.

तिये यांची उंची सुमारे ५ फूट ९ इंच होती आणि जाहिरातींत वजन २७६ पौंड, म्हणजे साधारण १२५ किलो, सांगितले जात असे. उंचीने ते सामान्य असल्यामुळे सगळी जरब रुंद छाती, जाड मान आणि प्रचंड डोके यांत एकवटलेली दिसे. त्यांचा मुख्य डाव मगरमिठीचा होता. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही हातांनी छातीशी आवळायचे आणि तो शरण येईपर्यंत सोडायचे नाही. या डावाला चपळाई लागत नाही आणि उशिरा शिकलेल्या मल्लाला तो सोयीचा असतो. शिवाय मागे बसलेल्या प्रेक्षकालाही राक्षसाच्या कवेत सापडलेला माणूस स्पष्ट दिसतो. व्यक्तिरेखा आणि डाव यांचा इतका नेमका मेळ व्यावसायिक कुस्तीत क्वचितच जमला असेल.

राक्षसाची प्रतिमा

तिये अमेरिकेत आले तो काळ त्यांच्या व्यक्तिरेखेला अनुकूल होता. १९३१ मध्ये ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटांनी भयपटांची लाट आणली होती. १९३८ मध्ये ते दोन्ही पुन्हा प्रदर्शित झाले तेव्हाही गर्दी लोटली. १९३९ मध्ये ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि चार्ल्स लॉटन यांनी कुबड्या घंटावाल्याची भूमिका केलेला ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ हे चित्रपट आले. पडद्यावरचा राक्षस तासन्‌तास बसून रंगवलेला असतो, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. आखाड्यातला राक्षस मात्र खराखुरा होता आणि तिकीट काढून जवळून पाहता येत होता.

कुरूप मल्लाचा उपयोग आयोजकांना नवा नव्हता. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात देखण्या जिम लोंडॉस यांच्यासमोर मुद्दाम कुरूप प्रतिस्पर्धी उभे केले जात आणि अखेरीस सुंदर पुरुषाने कुरूपाला लोळवले की प्रेक्षक समाधानाने घरी जात. बाउझर यांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांनी राक्षसालाच नायक केले, त्याला जिंकू दिले आणि त्याला देवदूत म्हटले. हे नाव विनोदासाठी ठेवले आहे असे बहुतेकांना वाटले असणार. आईच्या घरातल्या नावाचा हा सार्वजनिक वापर तिये यांना कसा वाटत असे, याविषयी त्या काळच्या वृत्तपत्रांना विशेष उत्सुकता नव्हती.

वृत्तपत्रांना वेगळेच काही हवे होते. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये निअँडरथल मानवाच्या प्रतिकृतींशेजारी तिये यांना उभे करून छायाचित्रे घेण्यात आली. ते आदिमानवाचे वंशज असावेत अशा अर्थाचे लेखन झाले. शास्त्रदृष्ट्या हे सर्वस्वी निराधार होते. भुवयांवरील हाडाचा उंचवटा आणि पुढे आलेला जबडा ही साम्ये वरवरची असून तिये यांच्या ठिकाणी ती तरुणपणी ग्रंथीच्या गाठीमुळे उद्भवली होती. कायदा शिकलेला, अनेक भाषा बोलणारा अभियंता मुका रानटी माणूस म्हणून विकला जात होता आणि त्या विक्रीत तो स्वतः भागीदार होता. त्याच्यापुढे पर्याय किती होते, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

याच काळात हॉलिवुडमध्ये रॉन्डो हॅटन या ॲक्रोमेगलीग्रस्त नटाचा असाच वापर होत होता. युनिव्हर्सल कंपनीने त्यांना ‘हाउस ऑफ हॉरर्स’सारख्या चित्रपटांतून रंगभूषेविना खुनी राक्षसाच्या भूमिका दिल्या. हॅटन १९४६ मध्ये वारले.

नकला

तिये यांच्या यशानंतर अमेरिकेत देवदूतांचे पीकच आले. आयरिश एंजल, कॅनेडियन एंजल, पोलिश एंजल, रशियन एंजल, चेक एंजल, गोल्डन एंजल अशी नावे घेतलेले मल्ल निरनिराळ्या शहरांत दिसू लागले. एक लेडी एंजलही होती. यांपैकी पुष्कळांकडे डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि रागीट चेहरा यापलीकडे भांडवल नव्हते.

दोन स्वीडिश देवदूतांची नोंद मात्र वेगळी घ्यावी लागते. फिल ओलाफसन हे ‘स्वीडिश एंजल’ स्वतः ॲक्रोमेगलीचे रोगी होते. ‘मायटी जो यंग’ (१९४९) या चित्रपटात महाकाय गोरिलाशी रस्सीखेच करणाऱ्या बलवानांत ते दिसतात. ‘सुपर स्वीडिश एंजल’ टोर जॉन्सन (मृत्यू १९७१) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अतिविशाल मल्ल पुढे भयपटांतच रमले. दिग्दर्शक एड वूड यांच्या ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ व ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटांमुळे ते आजही ओळखले जातात. त्यांच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा अमेरिकेत हॅलोविनच्या सणाला वर्षानुवर्षे खपत राहिला. टिम बर्टन यांच्या ‘एड वूड’ (१९९४) या चित्रपटात जॉन्सन यांची भूमिका जॉर्ज स्टील या मल्लानेच केली. भयपटाने आखाड्याला दिलेले पात्र अशा रीतीने पुन्हा भयपटात परतले.

१९९० नंतर अंडरटेकर, पापा शँगो, केन यांसारख्या व्यक्तिरेखांनी भीतीचा हा व्यापार दूरचित्रवाणीवर नेला. त्यांचा मुखवटा किंवा काळा अंगरखा खेळ संपल्यावर खुंटीला टांगता येत असे. तिये यांना ती सोय नव्हती.

आजार आणि अखेरची वर्षे

ॲक्रोमेगलीचा रोगी बाहेरून बलदंड दिसत असला तरी आतून झिजत असतो. सांधे दुखतात, स्नायू फुगलेले असूनही लवकर थकतात, डोकेदुखी जडते, रक्तदाब वाढतो. हृदयही इतर अवयवांबरोबर वाढते आणि अखेर कमकुवत होते. १९४५ च्या सुमारास तिये यांची प्रकृती ढासळू लागली. ज्या व्यक्तिरेखेचा आधार अजिंक्यपणा होता, ती दमलेल्या शरीराला पेलणे कठीण होते. विजेतेपदाच्या लढतींतून ते मागे सरले आणि त्यांना पराभव स्वीकारावे लागू लागले. तरीही कुस्ती सुटली नाही, कारण चरितार्थाचे दुसरे साधन नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

१४ फेब्रुवारी १९५३ रोजी सिंगापूर येथे ते अखेरचे लढले. सोळा वर्षांपूर्वी पोजेलो त्यांना याच शहरात भेटले होते. इंग्लंडचे बलाढ्य मल्ल बर्ट असिराती यांच्याकडून पराभूत होण्याचे त्यांनी मान्य केले आणि निवृत्ती पत्करली.

मृत्यू

निवृत्तीनंतर तिये शिकागोत राहत होते. पोजेलो यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. ४ सप्टेंबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती वार्ता समजल्यावर त्याच दिवशी तिये यांनीही प्राण सोडला. मृत्यूचे कारण हृदयविकार होते. वय पन्नास वर्षे पूर्ण होते, एक्कावन्नाव्याला दीड महिना उरला होता. मित्राच्या दुःखाने त्यांचा अंत झाला असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सर्रास म्हटले जाते. ॲक्रोमेगलीने आधीच जर्जर झालेल्या हृदयाला तो धक्का सोसला नाही, एवढे म्हणणे वावगे होणार नाही.

इलिनॉय राज्यातील जस्टिस या गावी लिथुआनियन राष्ट्रीय दफनभूमीत दोघांना एकाच थडग्यात पुरण्यात आले. मृत्यूलाही या मित्रांची ताटातूट करता आली नाही, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. फ्रेंच कुळातले, रशियात जन्मलेले तिये लिथुआनियनांच्या दफनभूमीत विसावले, ते या मैत्रीमुळेच.

श्रेकविषयीचा दावा

ड्रीमवर्क्स कंपनीच्या ‘श्रेक’ (२००१) या सचेतपटातील हिरव्या राक्षसाचा चेहरा तिये यांच्यावरून घेतला, असा दावा आंतरजालावर अनेक वर्षे फिरत आहे. श्रेक हे पात्र मुळात विल्यम स्टाइग यांच्या १९९० च्या बालपुस्तकातले असून त्यातील चित्र तिये यांच्याशी जुळत नाही. चित्रपटातील आकृतीचा रुंद जबडा, आखूड मान व गोल डोके तिये यांच्या छायाचित्रांशी मिळतेजुळते आहे हे खरे, परंतु निर्मात्यांनी या संबंधाला कधीही दुजोरा दिलेला नाही. म्हणून हा दावा केवळ तर्क समजावा. तिये यांचे नाव आज बहुतेकांच्या कानी पडते ते मात्र याच दाव्यामुळे.

वैद्यकीय नोंद आणि अर्धपुतळे

ॲक्रोमेगली आणि व्यावसायिक कुस्ती यांचा संबंध तिये यांच्यापाशी संपत नाही. फ्रान्सचेच आंद्रे द जायंट (१९४६–१९९३) याच विकाराने ग्रस्त होते आणि तेही हृदयविकाराने, शेहेचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये वारले. पुढच्या काळात पीयूषिका ग्रंथीवरील गाठ नाकावाटे सूक्ष्म शस्त्रक्रियेने काढता येऊ लागली आणि संप्रेरकाला आवर घालणारी औषधेही आली. ‘द ग्रेट खली’ या नावाने प्रसिद्ध असलेले भारतीय मल्ल दलीपसिंह राणा यांच्या पीयूषिका ग्रंथीवरील गाठ २०१२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढण्यात आली.

१९५० मध्ये शिकागोचे शिल्पकार लुई लिंक यांची तिये यांच्याशी मैत्री झाली. त्यांनी तिये यांच्या कारकिर्दीची आठवण म्हणून प्लास्टरचे अर्धपुतळे घडवले. जाहिरातींत हा चेहरा दात विचकलेला, डोळे वटारलेला असे. लिंक यांनी तो शांत, मिटल्या ओठांचा दाखवला आहे. या पुतळ्यांपैकी एक शिकागोच्या आंतरराष्ट्रीय शल्यविज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे.